मदत हवी आहे: ढगाळ हवेत काठावरचे पक्षी काळेच येतात

नमस्कार मंडळी,

सोलापूरकरानं ऊन कमी पडतंय म्हणून रडावं, हे वाचून हसाल. पण परतीच्या पावसाचं आभाळ हटेना आणि इकडे हिप्परग्याच्या तलावावर थंडीचे पाहुणे पक्षी उतरायला लागलेत. टिलवे, ठिपकेवाले तुतवार, कंठेरी चिखल्या. लांब पायांचा शेकाट्या तर आहेच.

माझ्याकडे ७०-३०० ची लेन्स, ३०० ला सगळ्यात मोठं छिद्र एफ/५.६. ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ४००. शटर १/२०० सेकंदाच्या पुढे सरकत नाही. शेकाट्या उभा राहतो म्हणून निभावतो, टिलवा मात्र यंत्रमागाच्या धोट्यासारखा इकडून तिकडे पळतो. फोटोत पाणी करडं, पक्षी काळा, डोळा गायब. आयएसओ वाढवला तर दाणे दिसतात म्हणून हात आखडतो.

दिवाळीत गुहागरला जातोय. तिथंही असंच आभाळ असलं तर काय करू? नवी लेन्स घ्या असं कृपया सांगू नका, घरी आधीच वाद झालाय.

प्रतिसाद:

लेन्स पुरेशी आहे हो. पांढुरकं आभाळ आणि तेच पाण्यात उतरलेलं, एवढा उजेड बघून कॅमेरा सगळंच दृश्य दाबतो आणि त्यात पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +१, म्हणजे दुप्पट उजेड, करून बघा. शेकाट्यासाठी +०.३ ते +०.७ बास, नाहीतर पांढऱ्या छातीतली पिसं उडतील. हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजवीकडे झुकलेला चालेल, उजव्या भिंतीला चिकटलेला नको.

आयएसओ ३२०० ला न्या. तुमच्याच हिशेबानं आठपट वेग मिळतो, त्यातला निम्मा +१ मध्ये गेला तरी शटर १/८०० मिळतं, पळत्या टिलव्याला ते बऱ्यापैकी पुरतं. त्याच शटरला ४०० वर काढलेला अंधारा फोटो घरी उजळला की सावल्यांतले दाणे जास्तच टोचतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

खरं तर शेकाट्यासारख्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याला ढगाळ हवाच बरी. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात त्याचं पांढरं जळतं आणि काळ्यात काहीच दिसत नाही. शिवाय सूर्य पाठीशी हवा ही अट नाही, त्यामुळे पक्ष्यामागे आभाळाचं प्रतिबिंब न येता ओला चिखल किंवा गवताचा बांध येईल अशी बाजू निवडता येते. खताचं रिकामं पोतं अंथरून पालथे पडा. उभ्यानं काढलेले फोटो वरून पाहिल्यासारखे येतात, मला ते अजिबात आवडत नाहीत.

गुहागरला ओली वाळूही चकाकते, तेव्हा तेच +१. भरतीची वेळ मात्र आधी बघून ठेवा. पाणी चढायला लागण्याआधी जाऊन एका जागी गप्प बसा, लाटांबरोबर पक्षीच तुमच्याकडे सरकतात. मागे धावलात तर थवा उडतो आणि त्यांचं खाणंही मोडतं.

धागाकर्ता:

पोत्याची आयडिया भारी! चिखलात पालथं पडल्यावर लेन्स कशावर टेकवायची, तेवढं सांगा.

प्रतिसाद:

दुसऱ्या पोत्याचा तुकडा शिवून त्यात तांदूळ भरा. ओला होऊ देऊ नका.