मदत हवी आहे: पैशांचे इंग्रजी फ्रेजल व्हर्ब डोक्यात राहत नाहीत

कावेरी_०७
सोमवारी कॉल सेंटरचा मॉक कॉल, म्हणजे चाचणीचा खोटा कॉल आहे. याआधी एकदा अडकले आहे, आता परत अडकून चालणार नाही. ग्रामर ठीक आहे. पण चारशे फ्रेजल व्हर्बची (क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या जोड्यांची) यादी उतरवून घेतली, तर एकट्या 'पे'च्याच सहा जोड्या: पे ऑफ, पे बॅक, पे अप, पे आउट, पे इन, पे डाउन. सगळ्यांचा अर्थ 'पैसे देणे' असाच वाटतो. लवकर पाठ व्हायची युक्ती सांगा. आणखी यादी नको.

टिपणवही
ब्रिटनची प्रोसेस, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं काम, की अमेरिकेची? विक्री की वसुली? तुम्हाला बोलताना अडतंय की ऐकताना? हे कळल्याशिवाय काहीही सांगितलं तरी ते हवेतच.

शब्दखूण
देश कुठलाही असो, पद्धत एकच. रोज दहा कार्डं. पुढे इंग्रजी वाक्य, मागे मराठी अर्थ. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी उजळणी. सुटं क्रियापद कधीच लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा.

टिपणवही
पद्धत चांगली आहे, पण त्यांचा कॉल सोमवारी आहे. पंधरावा दिवस कुठून आणणार?

कावेरी_०७
ब्रिटन. क्रेडिट कार्डाची थकबाकी. ऐकताना अडतं. कस्टमर भरभर बोलतात, मी अर्थ लावेपर्यंत लाइनवर शांतता.

टिपणवही
हे आधी सांगायला हवं होतं. ऐकताना अडत असेल तर बोलण्यात एकही फ्रेजल व्हर्ब वापरायची गरज नाही. कस्टमरच्या बोलण्याचा अर्थ कळला की साध्या शब्दांत परत विचारा: 'सो यू कॅन पे फॉर्टी पाउंड्स ऑन द ट्वेंटी-एट्थ, इज दॅट राइट?' शांतताही जाते आणि आकडाही पक्का होतो.

यादी क्रियापदाप्रमाणे लावू नका, पैसा कुठे चाललाय त्याप्रमाणे लावा. थकबाकीच्या कॉलवर सगळ्यात जास्त येतात ते अगदी साधे, म्हणूनच निसटतात. 'माय वेजेस गो इन ऑन द ट्वेंटी-एट्थ' म्हणजे पगार २८ तारखेला जमा होतो. 'इट केम आउट अर्ली' म्हणजे हप्ता खात्यातून लवकर कापला गेला, इथे 'बाहेर आला' असा अर्थ लावत बसलात की गाडी चुकली. मग अडचणीचे: 'फॉलन बिहाइंड' हप्ते थकले, 'जस्ट गेटिंग बाय' भागतंय, 'स्क्रेपिंग बाय' कसंबसं भागतंय, 'रॅन अप अ बिल' बिल वाढवून ठेवलं. मग तोडगा काढणारे: 'आय कॅन स्क्रेप टुगेदर फॉर्टी क्विड' इकडून तिकडून चाळीस पौंड गोळा करीन, 'टाइड मी ओव्हर' तेवढ्यात निभेल. आणि शेवटी विनंती: 'कॅन यू नॉक द फी ऑफ?' दंड काढून टाका, 'लेट मी ऑफ' सोडून द्या.

दुसरी अडचण उच्चाराची. 'पेड इट ऑफ' कानावर 'पेडिटॉफ' असं येतं, 'रन आउट ऑफ' हे 'रनाउटव' असं. शब्द वेगळे शोधू नका, तो एकच आवाज म्हणून दहादा मोठ्याने म्हणा.

मधली_आळी
'पे'चा गोंधळ मराठीतूनच सुटतो, आपल्याकडे संयुक्त क्रियापदं आहेत की! 'पे डाउन' म्हणजे फेडत आणणे, 'पे ऑफ' म्हणजे फेडून टाकणे. 'पे बॅक' परत करणे, 'पे इन' खात्यात भरणे. 'पे आउट' विमा कंपनी करते. 'पे अप' म्हणजे टाळाटाळ संपवून एकदाचे देणे. 'ऑफ' दिसला की 'टाकणे' लावून बघा.

शब्दखूण
फेडत आणणे आणि फेडून टाकणे हे फारच छान. पण 'ऑफ' म्हणजे 'टाकणे' असा नियम करू नका. 'आय बॉरोड इट ऑफ माय मम' मधला 'ऑफ' म्हणजे 'कडून'. 'लिव्हिंग ऑफ माय सेव्हिंग्ज' मध्ये 'वर'. 'रिप्ड ऑफ' म्हणजे लुबाडलं गेलो. ऐन कॉलवर नियम फसला तर त्या पुन्हा गप्प होतील.

हिशेबनीस
'ऑफ'वरून आठवलं. आपल्याकडे बातम्यांत 'राइट ऑफ'चं भाषांतर सर्रास कर्जमाफी असं करतात, ते चूक आहे. बँक कर्ज ताळेबंदातून काढते, कर्जदाराची देणेदारी तशीच राहते, वसुली चालू राहते. माफीला 'वेव्ह' म्हणतात.

टिपणवही
बँकिंगच्या दृष्टीने बरोबर. पण ब्रिटनमधला कस्टमर 'कॅन यू राइट इट ऑफ?' विचारतो तेव्हा त्याला 'सोडून द्या'च म्हणायचं असतं. कावेरी, ताळेबंद विसरा, ती माफीची विनंती समजा आणि कुठलंही आश्वासन न देता पुढे पाठवा.

गच्चीवरून
बचतीसाठी 'सेव्ह अप', 'पुट बाय', 'सेट असाइड' पण घ्या. तसंही पगार झाला की त्याच दिवशी रिकरिंगला पैसे वळते करणं उत्तम.

मधली_आळी
गच्चीवरून, रिकरिंगचा वेगळा धागा काढा.

एक धोका राहिला. सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: 'पे इट ऑफ', 'पे यू बॅक'. 'पे ऑफ इट' चूक. आणि 'ऑफ'बरोबर मधे कर्ज ठेवा, माणूस नको. 'पे हिम ऑफ' म्हणजे त्याला पैसे चारून गप्प करणे. 'यू कॅन पे अस ऑफ बाय फ्रायडे' असं रेकॉर्डेड लाइनवर कधीही म्हणू नका. 'कफ अप' सुद्धा ओळखायला ठेवा, तोंडी आणू नका. ते 'काढ पैसे' इतकं उद्धट आहे.

हिशेबनीस
फ्रेजल व्हर्ब नाही, पण 'ब्रीदिंग स्पेस' कानावर पडलं तर थांबा. ते 'जरा वेळ द्या' असं मोघम बोलणंही असेल किंवा इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून लागू असलेली योजना. योजनेत कर्ज बसलं तर ६० दिवस व्याज, दंड आणि वसुली थांबते. कुठलं ते विचारून घ्या, योजना असेल तर पैसे मागू नका, सुपरवायझरला जोडा.

कावेरी_०७
पगार, अडचण, तोडगा, विनंती असे चार कागद केले. पे डाउन आणि पे ऑफ आता विसरणार नाही. सरावाच्या रेकॉर्डिंगमधली एक ओळ अजून अडते: 'द बॉयलर सेट मी बॅक नाइन हंड्रेड क्विड.' मी 'परत मिळाले' असं समजून रिफंडची तारीख विचारली.

मधली_आळी
बॉयलर नऊशेला पडला. मराठीत 'पडला' म्हणतो, अगदी तेच. यात माणूस नेहमी मधेच येतो: 'सेट मी बॅक', 'सेट अस बॅक'. वस्तू आधी, आकडा शेवटी. हे वाक्य आलं की 'म्हणून या महिन्याचा हप्ता राहिला' हे बहुतेक पाठोपाठ येतंच, तेव्हा तारीख रिफंडची नका विचारू, पुढच्या पगाराची विचारा.