देशाच्या टेनिस प्रोग्रामचा हेड कोण असावा? मोठा खेळाडू, कोच की ऑफिसवाला?

तापीकाठचा (जळगाव)

राम राम मंडळी. काल सकाळी खेळून झाल्यावर क्लबच्या पायरीवर चहा घेता घेता असा वाद पेटला की दोघांनी कप अर्धाच ठेवून स्कूटर काढली, म्हणून इथे टाकतोय. देशाचा प्लेअर डेव्हलपमेंटचा जो प्रोग्राम असतो, म्हणजे बारा-चौदा वर्षांची पोरं हेरायची, कोच द्यायचे, बाहेर खेळायला पाठवायचं, त्याचा मुख्य माणूस कोण असावा? आमचे एक काका म्हणे लिअँडर पेस नाहीतर महेश भूपतीला बसवा, नावाला वजन लागतं, नावाशिवाय स्पॉन्सर दारात उभा करत नाही. दुसरे म्हणे खेळता येतं म्हणून शिकवता येतं असं थोडीच आहे, आणि शिकवता येतं म्हणून खातं चालवता येतं असंही नाही.

मी शहाणपणा करून मध्ये अमेरिकेचं उदाहरण टाकलं आणि फसलो. त्यांनी २००८ मध्ये पॅट्रिक मॅकेन्रोला हेड केलं, जुना नंबर १ जॉन मॅकेन्रोचा धाकटा भाऊ, स्वतः सिंगल्समध्ये २८ नंबरपर्यंत गेलेला. डेव्हिस कपचा (देशादेशांच्या टीमची स्पर्धा) कॅप्टन, २००७ चा कप जिंकून दिलेला, वर टीव्हीवर कॉमेंट्री पण चालूच. मग २०१३ च्या विम्बल्डनला अमेरिकेचा एकही पुरुष तिसऱ्या राउंडला पोचला नाही, असं १९१२ नंतर पहिल्यांदाच झालं, आणि त्याच ऑगस्टमध्ये टॉप २० मध्ये एकही अमेरिकन नाही, जे १९७३ ला रँकिंग सुरू झाल्यापासून कधीच घडलं नव्हतं. २०१४ ला त्याने पद सोडलं. झालं, दुसऱ्या काकांनी मांडीवर थाप मारली, बघा नाव बसवलं की काय होतं ते!

पण मला काही ते पटलं नाही. अशा माणसाला पास-नापास करायचं कशावर? माझी पोरगी ११ ची आहे, अंडर-१२ खेळते, म्हणून जरा जीव अडकलाय.

गटिंगवाला (मूळ धुळे, सध्या पुणे)

काकांना सांगा २०१३ वर थांबू नका, दोन वर्षं पुढे जा. २०१५ मध्ये फ्रेंच ओपन ज्युनियरची (१८ वर्षांपर्यंतच्या पोरांची) फायनल टॉमी पॉल विरुद्ध टेलर फ्रिट्झ, दोघं अमेरिकन. विम्बल्डन ज्युनियर ओपेल्काने घेतलं, तोही अमेरिकन. यूएस ओपन ज्युनियरला परत फ्रिट्झ आणि पॉल. एका वर्षात तीन! ही पोरं १९९७ ची, म्हणजे मॅकेन्रो खुर्चीत बसला तेव्हा दहा-अकरा वर्षांची, तुमच्या पोरीएवढी. त्याच्या काळात होजे हिगेरास कोचिंगचं बघायचा आणि ही बॅच त्याच सिस्टिममधून वर आली. पण ज्युनियर कप उचलले तेव्हा खुर्चीत मार्टिन ब्लॅकमन, आणि तो त्याच वर्षी आलेला. आता क्रेडिट कुणाचं लिहायचं?

आणि २०१३ चा भोपळा तरी त्याचा कसा? तेव्हा जे २३-२४ वर्षांचे होते ते २००८ च्या आधीच तयार झालेले (किंवा न झालेले). म्हणजे बिचाऱ्याला आधीच्याच्या पिकाचा मार आणि पुढच्याला त्याच्या पिकाचा हार.

ब्लॅकमनबद्दल एवढंच की तो आधी मेरीलँडला एक ज्युनियर सेंटर चालवायचा, पुढे मोठा झालेला अमेरिकन खेळाडू टियाफो तिथलाच. टियाफोचे वडील त्या सेंटरवर देखभालीचं काम करायचे, पोरगं कोर्टाच्या कडेलाच वाढलं. असं पोरगं ऑफिसात बसून फाइलीत सापडत नाही.

रावेरची केळी

टेनिसमधलं मला फार कळत नाही, पुतण्या खेळतो म्हणून वाचतो. पण गटिंगवाले भाऊ बोलले ते आम्हाला शेतात रोज दिसतं. केळीला घडावर फण्या किती येणार हे झाड निसवायच्या (घड बाहेर पडायच्या) आधीच आत ठरलेलं असतं. निसवल्यावर कितीही खत टाका, फणी वाढत नाही, फार तर केळं भरतं. व्यापारी मात्र कापणीच्या दिवशी जो बांधावर उभा असेल त्यालाच शाबासकी देतो.

म्हणून मी हेडला विचारीन की दहा वर्षांच्या पोरांसाठी काय केलं ते सांग. अंडर-१० ला लाल-नारंगी-हिरवा मऊ बॉल २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमात आला ना? आमच्याकडे आजही आठ वर्षांचं पोर मोठ्यांच्या पिवळ्या बॉलने मोठ्या कोर्टावर खेळतं, बॉल डोक्यावरून जातो आणि ते बिचारं भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकतं. मेमध्ये आपल्याकडे ४५ डिग्री, सकाळी नऊनंतर कोर्ट तव्यासारखं, त्यात हा प्रकार. पुतण्याला हिरवा बॉल मी ऑनलाइन मागवून दिला तर कोच म्हणे हा लहान पोरांचा खेळ नाही. अहो तो आठ वर्षांचाच आहे!

नंदुरबारची आई

दादा, तुम्ही सगळे रँकिंगवर बोलताय, मला त्या अमेरिकेच्या टेलर टाउनसेंडची गोष्ट आठवते. २०१२ ची ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियर चॅम्पियन, जगात ज्युनियर नंबर १, आणि त्याच वर्षी यूएस ओपन ज्युनियरसाठी फेडरेशनने तिचा खर्च करायला नकार दिला, का तर आधी फिटनेस सुधार. पोरगी आईच्या पैशाने गेली आणि खेळली. बोंबाबोंब झाल्यावर खर्च परत दिला म्हणे. मॅकेन्रोचं म्हणणं की आम्हाला तिच्या पुढच्या करिअरची आणि तब्येतीची काळजी होती. असेलही. पण १६ वर्षांच्या पोरीला जगासमोर "तू जाड आहेस" असं ऐकू गेलं, त्याचं काय?

माझ्या मुलीला इथल्या एका कॅम्पमध्ये एका सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, भाकरी कमी खा. तेरा वर्षांची होती. घरी येऊन तीन दिवस नीट जेवली नाही, आणि तिचे आजोबा ताटात बळेच तूप वाढत बसले. त्यानंतर दोन महिने रॅकेटला हात नाही. मी काही टेनिसची जाणकार नाही, पण हेड निवडताना मी बघीन की हा माणूस पोरीच्या आईशी फोनवर कसा बोलतो. नाव पेसचं असो की कुणाचं.

धुळेकर७२

खरं शे ताई तुन्हं.

बाकी भाऊ, तुमचे दोन्ही काका चूक. जरा इटलीकडे बघा. तिथे पुरुषांच्या टेनिसचा टेक्निकल प्रमुख फिलिपो वोलांद्री. स्वतःचं बेस्ट रँकिंग २५, आणि डेव्हिस कपचा कॅप्टन पण तोच. म्हणजे बायोडाटा काढला तर मॅकेन्रोची झेरॉक्स! तरी इटलीने २०२३, २४, २५ असे लागोपाठ तीन डेव्हिस कप नेले. मग फरक कुठला? फरक असा की इटलीवाले पोराला त्याच्या कोचपासून तोडत नाहीत. त्यांचा सिनर तेराव्या वर्षी घर सोडून बोर्डिघेराला कोच पियाट्टीच्या खासगी अकादमीत गेला, मुसेट्टी लहानपणापासून एकाच कोचकडे, तार्तारिनीकडे वाढला. फेडरेशन काय करतं, तर पैसा, फिजिओ आणि घराजवळ भरपूर चॅलेंजर (मोठ्या टूरच्या खालच्या पायरीच्या) टूर्नामेंटा. अमेरिकेने त्या काळात उलटं केलं, बोका रॅटन, कार्सन, न्यूयॉर्क अशी सेंटरं करून पोरं आपल्याकडे ओढली, नंतर तर २०१७ ला ऑरलँडोला शंभर कोर्टांचं गाव वसवलं. मॅकेन्रोने सोडलं त्यातही तेच होतं, सगळा कारभार फ्लोरिडाला चाललेला आणि ह्याला न्यूयॉर्क सोडायचं नव्हतं.

आता याच्यावर कोणी म्हणेल कॅनडाने सेंटर करूनच मिळवलं. बरोबर आहे. २००६ ला फ्रान्सहून बोर्फिगाला आणला, खेळाडू म्हणून ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही, मॉन्ट्रियलला सेंटर उघडलं, आणि पुढे २०१९ ला त्यांच्या आंद्रेस्कूने सेरेनाला हरवून यूएस ओपन, २०२२ ला डेव्हिस कप. पण त्या माणसाला पंधरा वर्षं दिली! आपल्याकडे पंधरा वर्षं कोण देतं? आपल्याकडे फेडरेशनची २०२४ ची निवडणूकच दिल्ली हायकोर्टात गेली, आणि कोर्टात गेले कोण तर सोमदेव देववर्मन आणि पूरव राजा, स्वतः इंडियासाठी खेळलेले.

आपल्या सुमित नागलचं घ्या. दहा-अकराव्या वर्षी भूपतीच्या स्कीमने उचलला, ती स्कीम मध्येच बंद पडली, आणि २०२३ ला देशाचा नंबर १ असताना सांगतो की बँकेत ९०० युरो उरलेत. चार महिन्यांनी तोच ऑस्ट्रेलियन ओपनला सीडेड (वरच्या मानांकनाच्या) बुब्लिकला हरवतो. म्हणजे भूपतीची नजर बरोबर होती. नाव पण होतं. टिकलं काय? काहीच नाही. म्हणून काकांना सांगा, माणूस कोणताही बसवा पण दहा वर्षं हलवू नका, आणि बजेट आधी बँकेत टाका.

गटिंगवाला

दहा वर्षं हलवू नका म्हणताय पण चुकीचा बसला तर? आपल्याकडे न हलणाऱ्यांचीच अडचण जास्त आहे भाऊ 😄

धुळेकर७२

हां, ते पण शे.

तापीकाठचा (जळगाव)

सगळ्यांचे आभार. ताईंचं वाचून बायकोला दाखवलं, ती म्हणे हेच तर मी कधीची सांगतेय. वोलांद्री आणि मॅकेन्रोचा एकच बायोडाटा हे मी उद्या पायरीवर टाकणार आहे, बघू कोण चहा सोडतं. रावेरवाले भाऊ, हिरवे बॉल कुठून मागवले ती लिंक टाका, इथे दुकानात विचारलं तर त्याने मला क्रिकेटचा टेनिस बॉल काढून दिला.

आणि दुसरं, पुढच्या शनिवारी नाशिकला अंडर-१२ टॅलेंट सिरीज टूर्नामेंट आहे, साइन-इन (हजेरी-नोंदणी) शुक्रवारी संध्याकाळी. मी जळगावहून गाडी काढतोय, पारोळा-धुळे करत जाणार. मागे दोन जागा आहेत. धुळ्यातून कुणाचं पोर येणार असेल तर सांगा, हायवेवरून उचलून घेईन, फक्त किटबॅग एकच आणा.

धुळेकर७२

मन्हा नातू येईल. दोन रॅकेट आणि एक डबा. शेवभाजी तुमच्यासाठी पण बांधतो.