मन चिंती ते वैरी न चिंती: तुमचं मन रात्री काय चिंततं?

रातकिडा
माझी वेळ पहाटे ३ वाजून २० मिनिटांची. गजर नाही, काही नाही, डोळा टक्क उघडतो. मुलगा हिंजवडीहून बाइकवर येतो. त्याला अर्धा तास उशीर झालेला असला, की रात्री माझ्या डोक्यात अपघात, पंचनामा, सगळं पार पडतं. तो येऊन, जेवून, घोरत असतो आणि मी त्याच्या तेराव्यापर्यंत पोचलेलो असतो. आत्ता लिहिताना हसू येतंय, पहाटे येत नाही. दोन वर्षांत ॲसिडिटी वाढली, बीपीची गोळी सुरू झाली, घरात कुणी काही विचारलं तरी वसकन अंगावर जातो.

तुम्ही काय करता ते लिहा. करून फसलेलंही लिहा. अट एकच: ‘सकारात्मक विचार करा’ एवढंच लिहायचं असेल तर नको. ते मला मेव्हण्याकडून फुकट मिळतं.

वरणफळं
आमच्या फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब: १, दीड, खाडा. २०१९ मध्ये ह्यांची बायपास झाली आणि ते बरे झाल्यावर माझं बिनसलं. ते बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिले तरी मी दाराबाहेर. एके दिवशी वैतागून त्याच चौकोनात त्या दिवसाची भीती लिहिली. पाहुण्यांना कळू नये म्हणून आद्याक्षरांत. ‘छा. दु.’ म्हणजे ह्यांच्या छातीत दुखणार. ‘घ. प.’ म्हणजे घसरून पडणार. महिनाअखेरीस गवळ्याचा हिशोब करताना हाही केला. २६ नोंदी, खऱ्या झालेल्या दोन: गीझर बंद पडला आणि सासूबाई रुसल्या. गवळ्याने विचारलं, ‘वहिनी, हे छा. दु. कंचं दूध?’

तेव्हापासून लिहितेच आहे. भीती येते, पण लिहिली की तिला महिनाअखेरपर्यंत थांबावं लागतं. खोटं कशाला सांगू, एकदा खरंच वाईट बातमी आली, बहिणीच्या रिपोर्टची. त्या तारखेचा चौकोन नंतर मुद्दाम पाहिला. तिथे फक्त ‘१ लि.’ होतं. इतकी वर्षं पहारा देत होते, तो भलत्याच दारावर.

फास्ट_लोकल
डोंबिवली. मला विचार यायचे नाहीत, थेट छातीत यायचं. ठाणे सुटलं की हाताला मुंग्या, घशाला कोरड, आता आपण गेलो. पहिल्यांदा घाटकोपरला उतरून रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, बी-१२, सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्टने जास्त घाबरलो, म्हणजे आहे काहीतरी, पण सापडत नाहीये! मग स्लो लोकल धरली, प्रत्येक स्टेशनला उतरता येतं म्हणून. मग स्लोचीही भीती. मग रजा. भीतीला वाट करून देत गेलो तशी ती घरात येऊन बसली.

फॅमिली डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी दिली. ती दोन महिने पासच्या कव्हरमध्ये घेऊन हिंडलो. शेवटी गेलो, गोळी सुरू झाली. त्यांनी आधीच सांगितलं होतं: गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त, आणि सुरुवातीचे काही दिवस उलट जास्त अस्वस्थ वाटू शकतं. वाटलं. तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून मनानेच गोळी बंद केली. गरगरणं, डोक्यात झटके बसल्यासारखं. परत त्यांच्यासमोर खाली मान घालून. ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, ‘सोडायची तर पायरी पायरीने, आणि मला विचारून.’

गोळीइतकंच काम समुपदेशकांच्या गृहपाठाने केलं. ठाणे ते घाटकोपर, फास्टने. छाती धडधडली तर धडधडू दे, खांब धरून उभं राहायचं, भीतीमुळे मधे उतरायचं नाही. असा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो, हे वाचून पटत नाही. खांब धरून उभं राहिल्यावर पटतं. सहाव्या फेरीला शेजारच्याचा पेपर वाचत दादर कधी आलं कळलं नाही.

भस्म_बुक्का
नामस्मरण करा. माळ हातात घेतली की विचार आपोआप थांबतात. गोळ्यांची सवय लागते.

फास्ट_लोकल
काका, झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं, म्हणून त्या डॉक्टर मोजून देतात. माझी त्यातली नव्हती. माळही ओढली मी. मन भरकटलं की वाटायचं, बघ, देवाचं नावसुद्धा नीट घेता येत नाही. तुम्हाला साधलं, आनंद आहे.

खडूची_पूड
मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं. नंतर विचार करायची मोकळीक दिली तेव्हा या लोकांच्या डोक्यात ते इतरांपेक्षा जास्त आलं. ‘असं वाईट मनातच आणू नकोस’ हा आपल्याकडचा लाडका उपदेश म्हणजे अस्वलाला दिलेलं आमंत्रण.

घरचा प्रयोग: काळजीला वेळ नेमून दिली. संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, पालेभाजी निवडताना. दिवसभर काही डोकावलं की, ‘मेथीच्या वेळी ये.’ निम्म्या काळज्या मेथीच्या वेळी आठवतही नाहीत. रातकिडा, तुम्हाला एक: वीसेक मिनिटं झोप नाही आली तर पलंगावर लोळू नका. उठून दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा. पलंगाला काळजीची सवय लागते. (सोसायटीची इतिवृत्तं उत्तम.)

तांबडी_माती
यवतमाळ जिल्हा. आमच्याकडे ‘निगेटिव्ह विचार’ असं कोणी म्हणत नाही. डोकं जड आहे, जेवण जात नाही, अंगात कणकण आहे, असं म्हणतात. सोयाबीन पाठोपाठ दोन वर्षं हातचं गेलं. बाबा आधी पारावर जायचे बंद झाले, मग बैलांशी बोलेनात. आम्ही सलाईन लावून आणायचो. दोन दिवस बरं, पुन्हा तेच.

आशाताई आल्या. झोप, भूक विचारता विचारता त्यांनी सरळ विचारलं, ‘काका, जगू नये असं वाटते का?’ मी भडकलो, असं कोणी विचारतं का! बाबा म्हणाले, ‘वाटते.’ आठ महिन्यांत त्यांनी माझ्यादेखत बोललेला तो पहिला खरा शब्द. विचारल्याने नसलेलं डोक्यात भरत नाही, हे मला नंतर जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी समजावलं. त्याच रात्री फवारणीची औषधं काकाच्या घरी कुलपात गेली. आजही तिथंच आहेत, लागतील तेवढी मोजून आणतो.

मग केसपेपर, गोळ्या, दर महिन्याला एसटीने दीड तास. बाबा आता झोपतात. कर्ज तसंच आहे. म्हणून ‘विचार बदला’ म्हटलं की मला राग येतो. बाबांचा हिशोब चूक नव्हता, आकडे बरोबर होते. खाली ‘आता काहीच होऊ शकत नाही’ ही एक ओळ जास्तीची होती. औषधांनी आणि बोलण्याने तेवढी ओळ पुसट झाली. बाकीचा हिशोब आम्ही दोघं बसून करतो.

उत्तरदिवा
स्टॉकहोम. डिसेंबरात तीनच्या सुमारास अंधार. मी दोन हिवाळे स्वतःला नालायक समजत होते. तिसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांना विचारून १०,००० लक्सचा, म्हणजे खूप प्रखर उजेडाचा दिवा आणला, सकाळी अर्धा तास समोर बसून पोहे खाते. सगळ्यांना लागू नाही, मला पडला.

वरणफळं
तांबडी_माती, तुमच्या आशाताईंना माझा नमस्कार सांगा. आणि कुणाला जवळपास डॉक्टर नसतील तर टेली-मानस, १४४१६. सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

रातकिडा
एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. काल पुन्हा ३:२०. वीस मिनिटं वाट पाहून उठलो, कालनिर्णयाच्या चौकोनात लिहायला गेलो तर पेन सापडेना. ड्रॉवर उपसताना ही उठून आली, ‘काय शोधताय?’ पेन, म्हटलं. कशाला? मग सांगितलं. तेराव्यासकट सगळं, पहिल्यांदाच. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला वाटायचं माझ्यावर राग आहे.’

पावणेचारला चहा टाकला तिने. झोप काही लागली नाही.