छाटणीसाठी रजा दिली नाही, आता म्हणतात लॅप्स झाली

दिंडोरीचा_ऑपरेटर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, पर्मनंट. घरी दिंडोरीकडे द्राक्षबाग. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची), पेठ-सुरगाण्याच्या मजुरांची टोळी आधीच ठरलेली असते. छाटणीच्या मागोमाग वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात तिथे, पेस्ट लावावी लागते, तेव्हा घरचं माणूस बागेत लागतंच. म्हणून सप्टेंबरातच आठ दिवसांच्या पीएलचा (कमावलेल्या पगारी रजेचा) अर्ज दिला. सुपरवायझरने त्यावर लाल पेनने लिहिलं, 'लोड जास्त, दिवाळीनंतर बघू', खाली सही. दिवाळीनंतरही नाहीच. वडिलांनी आणि बायकोने बॅटरीच्या उजेडात पेस्ट उरकली.

आता जानेवारीच्या स्लिपवर ३८ च्या जागी ३० पीएल. एचआर म्हणतं, तीसच्या वरच्या लॅप्स. मागून दिली नाही आणि वर तीच कापली, हे कुठल्या नियमात बसतं? शिवाय मागे घेतलेल्या रजेत मधला रविवारही पीएलमध्येच धरलाय.

जुना_सातपूरकर

भाऊ, तो लाल पेनचा कागद आधी जपून ठेव, मोबाइलमध्ये फोटो काढ. सगळं त्याच्यावरच आहे.

मी सातपूरला युनियन कमिटीत बरीच वर्षं होतो. जुना कारखाना अधिनियम १९४८, कलम ७९: वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. पुढे नेता येते ३० पर्यंत, इथवर तुमचं एचआर बरोबर. पण त्याच कलमात पुढे आहे की रीतसर मागून नाकारलेली रजा कितीही दिवस पुढे जाते, तिला तीसची मर्यादा नाही. ही ओळ कामगाराला कुणी सांगत नाही, याचंच मला वाईट वाटतं. रीतसर म्हणजे रजेच्या किमान १५ दिवस आधी लेखी अर्ज. तुझा सप्टेंबरचा आहे, मग प्रश्नच मिटला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवीन लेबर कोड आलाय. त्यात २४० चे १८० झाले. नाकारलेली रजा तिथेही बुडत नाही, आणि तीसच्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. म्हणजे जुन्याने बघा नाहीतर नव्याने, तुझे आठ दिवस जात नाहीत.

रविवारचं म्हणशील तर, रजेच्या मध्ये किंवा टोकाला आलेली सुट्टी रजेत मोजायची नाही. तो दिवस परत माग.

पगारपत्रक

मी अंबडमध्येच पेरोल बघते. काकांच्या म्हणण्यात एक जोडते. सीएल (किरकोळ रजा) आणि एसएल (आजारपणाची रजा) वेगळ्या. कारखाना कायद्यात त्या नाहीतच, कंपनीच्या करारातून येतात. त्यामुळे करारात 'वर्षअखेर लॅप्स' असेल तर सीएलसाठी भांडू नका. पीएलसाठी मात्र नक्की भांडा. करार कायद्यापेक्षा जास्त देऊ शकतो, कमी नाही.

तोंडी बोलू नका दादा. एका पानाचा अर्ज लिहा, जुन्या अर्जाची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आमच्याकडे असा कागद आला की फाइल उघडावीच लागते. बऱ्याचदा सॉफ्टवेअरच तीसला आपोआप कापतं आणि नाकारलेली रजा कुणी त्यात वेगळी नोंदवलेली नसते.

दिंडोरीचा_ऑपरेटर

खूप आभार काका, ताई. उद्याच अर्ज देतो. आमच्या लाइनला ठेकेदाराची पोरं आहेत, त्यांना पीएल मिळतच नाही. त्यांचं काय?

जुना_सातपूरकर

कायदा कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराचा आहे, पगार कोण देतं त्यावर नाही. दिवस भरले की त्यांचीही रजा लागते. पोरं ठेकेदाराला घाबरतात, म्हणून एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून अर्ज द्या. ऐकलं नाही तर कामगार उपायुक्तांकडे तक्रार करता येते. नोकरी सोडतानाही उरलेल्या पीएलचे पैसे घेतल्याशिवाय फुल अँड फायनलवर, म्हणजे शेवटच्या हिशोबावर, सही करू नका, हे त्यांना आवर्जून सांग.

कॉलेजरोड_शोरूम

मी कपड्यांच्या शोरूममध्ये आहे. आम्हालाही हेच का?

पगारपत्रक

नाही, तुम्हाला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. वर्षाला आठ सीएल, त्या वर्षअखेर जातात. पीएल ४५ पर्यंत साठते. शिवाय आठ पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि चार तुमच्या-मालकाच्या संमतीने, वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. नाशिकला रंग रंगपंचमीलाच असतो, रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) त्याच दिवशी उघडतात, तेव्हा त्या चारांत ती घालून घ्या. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी. फक्त अगदी छोट्या दुकानांना यातलं बरंचसं लागू नाही, म्हणून आधी सांगा, तुमच्याकडे माणसं किती?