गिटारपेक्षा स्पीकरचा विचार करा

चर्चमधल्या गाण्यांबद्दल एकांनी लिहिलंय, "गिटार-ड्रमची नवी गीतं बंद करा, परंपरा जपा." जपायलाच हवी, पण कोणती? गोव्यात १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली लोकभाषेला वाट दिली, तेव्हा मिस्सामधली कोकणी गीतंही नवीच होती. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं 'ख्रिस्तपुराण' गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं. ओवी तरी चर्चची जुनी कुठे होती?

मी मूळचा नगरचा, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या गीतांवर वाढलेला. नोकरीसाठी वास्कोला आलो आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात पहिल्यांदा 'मोतेत' (अनेक आवाजांत गायची भक्तिगीतं) ऐकले. व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबल बास आणि एकमेकांत गुंफलेले आवाज. अंगावर काटा आला! ही कला टिकायची तर मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवणारे हवेत, माझी खरी काळजी ती आहे.

नव्या गीतांबद्दल तक्रार एकच: स्पीकर इतके मोठे की बाकांवरची माणसं गप्प उभी राहतात. आवाज कमी करा, मिस्साआधी दहा मिनिटं सगळ्यांना चाल शिकवा.