मदत हवी आहे : इंग्लंडमधील जुने बार्न शेतीच्या अंगाने कसे पाहावेत?

नमस्कार. मी रेडिंगमध्ये राहतो. सप्टेंबरमध्ये आई-वडील तीन आठवड्यांसाठी येत आहेत आणि त्यांना इथल्या शेतीचा भूतकाळ दाखवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. वडिलांनी बार्शीकडे चाळीस वर्षे ज्वारी आणि हरभरा पिकवला. लहानपणी खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पातही हाकली आहे. त्यामुळे राजवाड्यांपेक्षा जुने बार्न, म्हणजे धान्य पेंढ्यांसकट साठवायच्या आणि तिथेच मळायच्या प्रचंड इमारती, त्यांना अधिक जवळच्या वाटतील.

मी तीन ठिकाणे निवडली आहेत. एसेक्समधील क्रेसिंग टेम्पल येथे टेम्प्लर या ख्रिस्ती लढवय्या साधूंच्या पंथाने तेराव्या शतकात बांधलेले जवाचे आणि गव्हाचे असे दोन स्वतंत्र बार्न शेजारी शेजारी उभे आहेत. ऑक्सफर्डशायरमधील ग्रेट कॉक्सवेलचा दगडी बार्न ब्यूली मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी 1292 च्या सुमारास उभारला. हीथ्रो विमानतळाजवळच्या हार्मंड्सवर्थचा बार्न 1426-27 मधला असून ओक लाकडाच्या खांबांवर तोललेली त्याची लांबी सुमारे 192 फूट आहे.

अडचण अशी, की गेल्या महिन्यात मी एकटाच एक बार्न पाहून आलो, तेव्हा मार्गदर्शकांनी तासभर तुळया, सांधे आणि कौले यांविषयीच सांगितले. माहिती उत्तम होती, पण तिथे राबणारी माणसे त्यात कुठेच नव्हती. परत निघताना मात्र दाराच्या चौकटीला खाली, दोन्ही बाजूंना एकेक उभी खाच दिसली. मळणी चालू असताना तिच्यात आडवी फळी बसवत, म्हणजे दाणे बाहेर उडत नसत आणि कोंबड्या आत येत नसत, हे मला नंतर वाचून कळले. समोरासमोरच्या दोन मोठ्या दारांमधली जमीन हेच त्यांचे खळे. चामड्याच्या वादीने जोडलेल्या दोन दांडक्यांपैकी लांब दांडका हातात धरायचा, आखूड दांडक्याने कणसे झोडपायची आणि मग दोन्ही दारे उघडून, आरपार येणाऱ्या वाऱ्यावर उफणणी करायची. आपल्याकडे तिवईवर उभे राहून वाऱ्याची वाट पाहत. इथे पावसापायी सारे काम छपराखाली आणून वाऱ्यालाच दारांतून वाट करून दिली, हे वडिलांना प्रत्यक्ष दाखवण्याची मला फार ओढ आहे.

या झोडपणीवरच शेतमजुरांचा हिवाळा निघत असे. म्हणून मळणीयंत्रे आल्यावर 1830 मध्ये केंटपासून दक्षिण इंग्लंडभर मजुरांनी ती फोडली. ज्या बार्नमध्ये ही बाजू सांगितली जाते, असा कोणाच्या पाहण्यात आहे का? हातमळणीचे प्रात्यक्षिक सप्टेंबरमध्ये कुठे होते का? ससेक्समधील वील्ड अँड डाउनलंड संग्रहालयात जुनी शेतीकामे करून दाखवतात. तिथे हेही पाहायला मिळते का, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

दुसरी शंका नावाविषयी आहे. अनेक मोठ्या बार्नांना सरसकट 'टाइद बार्न' म्हणतात. टाइद म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, जो चर्चला धान्यरूपात द्यावा लागे आणि 1836 च्या कायद्याने ज्याची रोख आकारणी सुरू झाली. परंतु ग्रेट कॉक्सवेलमध्ये मठाच्या स्वतःच्या शेतीचे पीक साठवले जाई, असे मी वाचले आहे. टाइद म्हणून आलेले धान्य कोणत्या बार्नमध्ये होते आणि मालकाचे घरचे धान्य कोणत्या, हे इमारत पाहून ओळखता येते, की त्यासाठी जुने हिशेबच पाहावे लागतात? रेडिंगमधील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात असे हिशेब सामान्य वाचकाला पाहू देतात का?

शेवटी प्रवासाचे. माझ्याकडे गाडी नाही आणि आईचे गुडघे दुखतात. फॅरिंग्डनला बसने उतरून ग्रेट कॉक्सवेलपर्यंत चालणे तिला झेपेल का? हार्मंड्सवर्थ ठराविक रविवारीच उघडते, तेव्हा तो दिवस धरूनच बाकीचा क्रम लावावा लागेल. आपण यांपैकी कुठे गेला असाल, तर तिथे बसायची सोय आहे का आणि किती वेळ राखून ठेवावा, एवढे जरूर कळवावे.