कोपीत (ऊसतोडीच्या झोपडीत) लाइट नाही, पाच महिने मोबाइल चालू कसा ठेवावा?

कोयतेवाली (धारूर)

नमस्कार. दिवाळी झाली की आम्ही नवरा-बायको टोळीसोबत ऊसतोडीला निघतो. यंदा सांगलीकडं जायलोय, तिथले उसाचे फड आटोपले की टोळी पुढं कर्नाटकात हलंल. मुलगी तिसरीत आहे. शाळा बुडू नये म्हणून तिला गावातच ठेवतो. हंगामी वसतिगृहात दोन वेळ जेवते, झोपायला आजीकडं.

मला रोज रात्री आठला तिचं तोंड दिसलं पाहिजे, बस. बाकी मोबाइलवर मला काही बघायचं नाही.

मागच्या साली काय झालं ते सांगते. कोपीत लाइट नसतेच. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून कुणीतरी वायर काढून बोर्ड लावला होता, सगळ्या टोळीचे फोन तिथंच. त्या आठवड्यात शेताची लाइट रात्रपाळीची होती. मी फोन लावून कोपीत येऊन निजले. पहाटे चारला कोयता घेऊन निघताना बघते तर चार्जर वितळून बोर्डाला चिकटलेला आणि फोन मेलेला. दुरुस्त होऊन हातात यायला अकरा दिवस लागले. एक दिवस खाडा पडला तो वेगळाच.

बाराव्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला तर पोरगी आजीच्या पदरामागं लपली. बोलंचना. आजीनं लई मनवल्यावर कुंकवाची डबी उघडून मोबाइलच्या अगदी जवळ आणली. आत तिचा पडलेला दात होता. "तुला दाखवायचा म्हणून ठेवला," म्हणली. आठ दिवस ती डबी उशाला घेऊन झोपायली होती. तवापासून माझ्या डोक्यात हेच आहे, यंदा फोन बंद पडू द्यायचा नाही.

फोनची बॅटरी पाच हजार एमएएचची आहे, फोन नवाच. तरी पण फडात हात न लावता दुपारपर्यंत निम्मा उतरतो, ते कामून? आणि बाजारात पाठीवर सोलर असलेली पॉवर बँक बघितली, वीस हजार एमएएच लिहिलंय. घ्यावी का? माझ्याजवळ दोन हजार आहेत. उचलीतले (हंगामाआधी मिळालेल्या आगाऊ पैशातले) बाजूला काढलेत, चुकीच्या वस्तूत घालायचे नाहीत.

मोबाइल रिपेरिंग (केज)

ताई, आधी त्या पेटीचं. मोटारीला थ्री फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांची लाइन असते. दोन फेजांमध्ये 400 व्होल्टच्या वर दाब असतो आणि चार्जर असतो 240 पर्यंतचा. पेटीत पुष्कळदा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) नसतोच. मग कुणी दोन फेजांवर बोर्ड जोडतो, कुणी एक वायर जमिनीत खोचलेल्या सळईला बांधतो. पहिल्यात चार्जर जळतो, दुसऱ्यात माणूस जातो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून तिथं पिन लावणं म्हणजे जिवाशी खेळ. लेकराला तुम्ही धडधाकट हव्यात. त्या बोर्डाला यंदा हातच लावू नका, टोळीतल्या बाकीच्यांनाही सांगा.

ती सोलरवाली पॉवर बँक घेऊ नका. वीस हजार एमएएच म्हणजे 74 वॅट-तास वीज, आणि पाठीवरचा तळहाताएवढा तुकडा कडक उन्हात फार तर एक-दीड वॅट देतो. भरायला दहा-बारा दिवस ऊन खात बसावं लागंल. त्यात उन्हात तापून आतला सेल फुगतो. फुगलेली बँक माझ्याकडं दर उन्हाळ्यात येते, ती परत वापरायची नसते.

त्याऐवजी साधी दहा हजार एमएएचची बँक आणि वेगळं दहा वॅटचं यूएसबीवालं पॅनल घ्या. दहा लिहिलं तरी हातात सहा-सात पडतात. पाच तास चांगलं ऊन मिळालं तर तीस वॅट-तास झाले, आणि तुमचा फोन एकदा भरायला साधारण वीस लागतात. पॅनल कोपीवर आडवं टाकू नका, दक्षिणेला तोंड करून तिरकं टेकवा, थंडीत सूर्य तिकडं कललेला असतो. बँक पॅनलच्या मागं सावलीत ठेवायची. फोन थेट पॅनलला लावू नका, ढग आला की चार्जिंग तुटत राहतं. दिवसा बँक भरा, रात्री बँकेवरून फोन. दहा हजारची बँक पाच हजारचा फोन दीड वेळाच भरते, दोनदा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दुकानदाराशी भांडण नको.

ट्रॅक्टरवाला (माजलगाव)

फोन फडात का उतरतो, तर रेंज नसते म्हणून. टॉवर दूर असला की फोन जोर लावून शोधत राहतो. त्यात चहूबाजूंनी डोक्यावर उभा ऊस. कोयता हातात घेतला की विमानाचं चिन्ह दाबून टाका, दुपारी भाकरी खाताना दोन मिनिटं काढा, पुन्हा दाबा. फाइव्ह-जी बंदच ठेवा.

कर्नाटकात गेल्यावर सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू करायचं. पैसे वेगळे लागत नाहीत, पण ते बंद असलं तर फोन लागतो आणि नेट चालत नाही. आमच्या टोळीतल्या एकानं त्यापायी सिमकार्ड बदललं होतं.

आणि आभाळ आलं तर मोळ्या भरून गाडी निघताना बँक ड्रायव्हरजवळ द्या. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची, गाडीचा चार्जर तिला चालतो. ट्रकवर बहुतेक 24 असतात, तिथं लावायचा तर चार्जरवर 12-24 लिहिलेलं बघून घ्या. इंजिन चालू असतानाच लावायचं. कारखान्यावर गाडी नंबराला लागली की आम्ही तासन्‌तास बसूनच असतो, कुणीही बहिणीसाठी एवढं करील.

वडवणीची मावशी

लेकी, सगळे तुझ्या फोनचं सांगायलेत. आजीच्या फोनचं काय? आठला आपल्या गावातली लाइट असंल का? माझी दोन लेकरं सासूजवळ होती तवा इकडं मी फोन धरून बसायची आणि तिकडं बंद. एक लहान बँक आजीजवळ पण ठेव. पोरीलाच शिकव, शाळेतून आली की पहिलं बँक चार्जिंगला लावायची. आणि लाइट लई वेळ गेली तर टॉवरची बॅटरी पण उतरते, मग फोन भरलेला असून उपयोग नाही. त्या दिवसासाठी दुपारीच, रेंज असंल तवा, एक मिनिटाचा व्हिडिओ करून पाठवून दे. माझी लेकरं तसले व्हिडिओ निजताना परत परत लावायची.

कोयतेवाली (धारूर)

दादा, भाऊ, मावशी, तुमचे लई उपकार. आज केजला जाऊन आले. पॅनल आणि दहा हजारची बँक घेतली, राहिलेल्या पैशात आजीसाठी पाच हजारची छोटी. एकशेदहा रुपये उधार झाले. पॅनल अंगणात टेकवून बघितलं, बँकेवरचा दिवा लागला. पोरगी स्वतःच्या हातानं बँक सावलीत सरकवायली.

मावशी, आजीला हिरवं बटण कुठलं ते अजून कळंना. निघायला चार दिवस आहेत. रोज रात्री आठला मी गोठ्यात जाऊन कॉल लावते आणि त्या दोघी घरातून उचलतात. काल तिसऱ्या रिंगला उचलला.